हूइज बंद पडलं आणि स्क्रिप्ट गप्प बसली: डोमेन सांभाळणाऱ्यांसाठी आरडॅप

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी साडेनऊला आप्पांचा फोन आला. अमळनेरकडे त्यांची जिनिंग आहे. वेबसाइट आणि मेल मी जळगावहून बघतो. "काय व्हयनं रे भाऊ?" एवढंच विचारलं त्यांनी, पण आवाजावरूनच कळलं की प्रकरण तापलंय. गाठींच्या व्यापाऱ्याने पाठवलेला मेल दोनदा परत गेला होता, आणि साइट उघडली की जाहिरातींचं भलतंच पान दिसत होतं. डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, मुदत संपली होती, हे उघड होतं.

मला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या डोमेनवर माझी एक स्क्रिप्ट पहारा देत होती. २०१७ साली लिहिलेली, बॅशमधली, वीस-बावीस ओळींची. रोज सकाळी हूइजला, म्हणजे डोमेनची माहिती देणाऱ्या जुन्या सेवेला, विचारायचं, उत्तरातली एक्स्पायरीची ओळ काढायची, दिवस मोजायचे आणि बरोबर ३०, १५ किंवा ७ दिवस उरले असतील तर मला मेल टाकायचा. इतकी वर्षं चुकली नव्हती. या वेळी तिचा एकही मेल नाही. उघडून बघितली तर हूइजकडून उत्तरच येत नव्हतं. त्या शेपटाच्या (नावातल्या शेवटच्या टिंबापुढच्या भागाच्या) रजिस्ट्रीने, म्हणजे त्याची मूळ वही सांभाळणाऱ्या संस्थेने, तो सर्व्हर बंद करून टाकला होता. ओळ सापडली नाही म्हणून तारखेची जागा रिकामी. आणि लिनक्सच्या डेट कमांडला रिकामी तारीख दिली तर ती कुरकुर करत नाही, गुपचूप आजची मध्यरात्र हातावर ठेवते. आजमधून आज वजा केला, उरले शून्य दिवस. शून्य म्हणजे ३० नाही, १५ नाही, ७ पण नाही. मेल जाणार कसा? किती महिने ती बिचारी रोज शून्य मोजत बसली होती, देव जाणे.

आपल्या खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांत माझ्यासारखे बरेच आहेत. एकटा माणूस, वीस-तीस क्लायंट: पतपेढ्या, कॉलेजं, जिनिंग, पाइपचे कारखाने, केळीचे व्यापारी, एखादं सोन्याचं दुकान. सगळ्यांची डोमेन आपल्याच डोक्यावर. हूइज काढून त्याजागी आरडॅप ही नवी सेवा कशी बसवायची, ते मी केलं त्याच क्रमाने खाली सांगतो. कमांड मी बोलतो तशाच लिहिल्या आहेत, शिरपूरच्या पोराला फोनवर "कर्ल, स्पेस, डॅश, छोटा एस, मोठा एल" असं सांगतो ना, तशा. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

बदललं काय?

हूइज म्हणजे डोमेनचा सातबारा काढायची जुनी खिडकी. १९८२ पासूनची. पोर्ट ४३ वर जायचं, नाव सांगायचं, समोरून साधा मजकूर येतो. त्यात कूटबद्धता नाही, आणि उत्तर कोणत्या साच्यात द्यायचं याला काही नियम नाही. कुणी "एक्स्पायरी डेट" लिहितो, कुणी "पेड टिल", कुणी तारीख आधी लिहितो तर कुणी महिना. प्रत्येक तलाठ्याने आपापल्या अक्षरात उतारा लिहून द्यावा तसं. आपण ग्रेप आणि ऑक या मजकुरात शोधणाऱ्या कमांड लावून ते अक्षर वाचायचो.

त्याच्या जागी आरडॅप आलं. त्याची प्रमाणं २०१५ च्या मार्चमध्ये आली आणि नंतर सुधारली गेली. यात प्रश्न एचटीटीपीएसवरून जातो, उत्तर जेसन या ठरलेल्या साच्यात येतं, आणि प्रत्येक गोष्टीचं खात्याचं नाव ठरलेलं असतं. डॉट कॉम, डॉट ऑर्ग आणि बाकीच्या जेनेरिक (कुठल्या देशाच्या नसलेल्या) शेपटांच्या रजिस्ट्रींना आणि रजिस्ट्रारना, म्हणजे गिऱ्हाइकाला डोमेन विकणाऱ्यांना, इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅनने २०१९ च्या ऑगस्टपासूनच आरडॅप सक्तीचं केलं होतं. फरक एवढाच की तेव्हा हूइजही चालवावं लागायचं. २८ जानेवारी २०२५ पासून ती सक्ती उठली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण गोंधळ इथेच होतो. हूइजवर बंदी आलेली नाही. चालवायचं बंधन तेवढं गेलं. त्यामुळे कुणी त्याच आठवड्यात बंद केलं, कुणी सहा महिन्यांनी केलं, तर कुणी अजून चालवतं. डॉट कॉम तपासून "आपलं तर चालू आहे" म्हणत मी निवांत होतो. आप्पांच्या डोमेनचं शेपूट नव्या पिढीतलं होतं. गाव एक असलं तरी प्रत्येक डीपीची लाइट वेगवेगळ्या वेळी जाते.

आधी शोधा, हूइज कुठे कुठे लपलंय

स्क्रिप्ट बदलायची घाई करू नका. पहिलं काम म्हणजे यादी. सर्व्हरवर ग्रेप घ्या, डॅश आर लावा, आणि ईटीसी, ऑप्ट, होम, यूझर-लोकल आणि ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनची जागा, सगळीकडे "हूइज" हा शब्द शोधा. मग "फॉर्टी थ्री" हा आकडा सॉकेट उघडणाऱ्या ओळींमध्ये शोधा. पीएचपीत लिहिलेल्या जुन्या बिलिंग पॅनेलांमध्ये हूइज हा शब्द कुठेच नसतो, थेट सॉकेट उघडून ४३ वर बोललेलं असतं. सर्व्हरवर नजर ठेवायला नॅगिऑस किंवा झॅबिक्स वापरत असाल तर डोमेन तपासणारा प्लगइन कुणाचा आहे आणि आतून काय चालवतो, ते उघडून बघा.

ग्रेपने सुटलेलं पकडायला माझी एक सोपी युक्ती आहे. फायरवॉलवर बाहेर जाणाऱ्या पोर्ट ४३ साठी फक्त नोंद करणारा नियम घाला, अडवू नका. आठवडाभर ठेवा. माझ्याकडे त्यात एक असा विंडोज सर्व्हर सापडला की ज्यावर हूइज चालतंय हे मला माहीतच नव्हतं; माझ्या आधीच्या माणसाने कधीतरी टास्क शेड्युलरमध्ये टाकून ठेवलेलं.

हल्लेखोरांना अडवणाऱ्या फेलटूबॅनच्या मेलमध्ये हल्ला करणाऱ्या आयपीची माहिती हूइजने येते. ते लगेच बदललं नाही तरी चालेल. आयकॅनची ती तारीख डोमेनवाल्यांसाठी होती. आयपी पत्ते वाटणाऱ्या ॲपनिक, राइप वगैरे संस्थांचा तिच्याशी संबंध नाही.

मग डोमेनची शेपटांनुसार वाटणी करा. जेनेरिक शेपटं एका बाजूला. तिथे आरडॅप मिळणारच, कारण ते करारात आहे. देशांची दोन अक्षरी शेपटं दुसऱ्या बाजूला. त्यांच्यावर आयकॅनचा तो करार लागू नाही, त्यामुळे काहींकडे आरडॅप आहे, काहींकडे नाही. आपलं डॉट इन निक्सी ही संस्था चालवते आणि त्याचा आरडॅप सर्व्हर आयानाच्या, म्हणजे इंटरनेटच्या मूळ नोंदी ठेवणाऱ्यांच्या, यादीत आहे. कॉलेजांची डॉट एसी डॉट इन नावं अर्नेटकडून येतात, सरकारी डॉट जीओव्ही डॉट इन एनआयसीकडून. त्यामुळे रिन्यूअलसाठी कुणाचं दार वाजवायचं, हे वहीत आत्ताच लिहून ठेवा.

एकदा हाताने विचारून बघा

स्क्रिप्टला हात लावण्याआधी दोन डोमेन हाताने विचारा, म्हणजे उत्तर डोळ्यांखालून जातं.

पहिला प्रश्न, कोणाला विचारायचं? कोणतं गाव कोणत्या सजात येतं, याची यादी आयानाने ठेवली आहे: डेटा डॉट आयाना डॉट ऑर्ग, स्लॅश आरडॅप, स्लॅश डीएनएस डॉट जेसन. तिला बूटस्ट्रॅप फाइल म्हणतात. त्यात एकेका ओळीत शेपटं आणि त्यांच्या सर्व्हरचा पत्ता असतो. त्या पत्त्यापुढे "डोमेन", स्लॅश आणि डोमेनचं नाव जोडलं की तुमचा प्रश्न तयार. आयपीव्ही४, आयपीव्ही६ आणि एएसएनसाठी (नेटवर्कच्या क्रमांकांसाठी) तिथेच शेजारी वेगळ्या फाइली आहेत. फाइल दिवसातून एकदा उतरवून डिस्कवर ठेवा, दर प्रश्नाला आयानाकडे धावू नका.

कंटाळा येत असेल तर आरडॅप डॉट ऑर्ग आहे. त्याला कोणतंही डोमेन विचारा, तो योग्य सर्व्हरचा पत्ता देऊन पुढे पाठवतो. हाताने बघायला उत्तम. रोजच्या स्क्रिप्टला मात्र मी तो लावत नाही. आपल्या पहाऱ्याचा भार तिसऱ्याच्या दयेवर कशाला? ब्राउझरमधून बघायचं असेल तर आयकॅनचं लुकअप पान आता आतून आरडॅपच वापरतं.

आता कमांड. पत्त्यावरून उत्तर आणणारी कर्ल, डॅश छोटा एस, मोठा एल, मग पूर्ण पत्ता. पुढे पाइप, जेक्यू, स्पेस, टिंब. मोठा एल विसरलात आणि सर्व्हरने दुसरीकडे पाठवलं, तर हातात रिकामं उत्तर येतं आणि माणूस म्हणतो आरडॅपही बंद दिसतंय. जेक्यू नसेल तर बसवून घ्या, त्याच्याशिवाय जेसन वाचणं म्हणजे डोळ्यांवर अत्याचार.

उत्तर लांबलचक येतं. घाबरू नका, बघायच्या जागा पाचच. एलडीएचनेम म्हणजे डोमेनचं नाव. स्टेटस ही यादी. इव्हेंट्स ही तारखांची यादी. नेमसर्व्हर्स, म्हणजे डोमेन कुठे नेऊन सोडायचं ते सांगणारे सर्व्हर. आणि एंटिटीज, म्हणजे माणसं आणि संस्था: रजिस्ट्रार, मालक, तक्रारीचा पत्ता. खाली नोटिसेसमध्ये अटींचा मजकूर असतो, तो एकदा वाचून सोडून द्या.

मालकाच्या जागी "रिडॅक्टेड" (झाकलेलं) दिसलं तर काही बिघडलेलं नाही. युरोपचा जीडीपीआर हा खासगी माहितीचा कायदा २५ मे २०१८ ला लागू झाला, तेव्हापासून जेनेरिक शेपटांमध्ये व्यक्तीची माहिती झाकलेली असते. हूइजमध्येही ती झाकलेलीच होती. आरडॅप आलं म्हणून गेली, हा गैरसमज आहे.

डॉट कॉमबाबत आणखी एक. तिथल्या रजिस्ट्रीकडे मालकाची माहिती नसतेच, ती रजिस्ट्रारकडे असते. म्हणून रजिस्ट्रीच्या उत्तरात लिंक्स या यादीत "रिलेटेड" नावाचा दुवा येतो. तो रजिस्ट्रारच्या आरडॅप सर्व्हरचा पत्ता. तोही उघडून बघायची सवय लावा. कारण पुढे सांगतो.

तारीख: इथेच मी फसलो

आप्पांच्या डोमेनकडे परत येऊ. स्क्रिप्टचा घोळ लक्षात आल्यावर मी हाताने आरडॅप मारलं. एक्स्पिरेशन समोर जी तारीख दिसली ती पुढच्या वर्षीची! म्हणजे डोमेन रिन्यू झालेलं आहे? मग साइटवर जाहिराती का? पंधरा-वीस मिनिटं मी डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, उंदीर शोधत बसलो. तोवर आप्पांचे आणखी दोन फोन.

झालं असं होतं. जेनेरिक शेपटांमध्ये मुदत संपली की रजिस्ट्री आपल्या वहीत ते डोमेन आपोआप एक वर्ष पुढे ढकलते. रजिस्ट्रारला ४५ दिवसांपर्यंतची सवलत असते. गिऱ्हाइकाने पैसे भरले तर ते वर्ष कायम, नाही तर रजिस्ट्रार डोमेन काढून टाकतो आणि त्याचे पैसे परत मिळतात. या मधल्या काळात रजिस्ट्रीकडची तारीख पुढच्या वर्षीची दिसते, पण तुमच्याकडून पैसे गेलेलेच नसतात. खरी तारीख रजिस्ट्रारच्या बाजूला असते. त्याच्या आरडॅप उत्तरात "रजिस्ट्रार एक्स्पिरेशन" नावाचा वेगळा इव्हेंट असू शकतो, म्हणून तो रिलेटेड दुवा महत्त्वाचा.

आणि खूण माझ्या डोळ्यांसमोरच होती. स्टेटसच्या यादीत "ऑटो रिन्यू पीरियड" लिहिलेलं होतं. मी तारखेकडे बघत राहिलो, स्टेटसकडे बघितलंच नाही.

खेड्यात सालदार ठरतो तो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. साल संपलं आणि नवा करार झाला नाही, तरी गडी दोन-चार दिवस वाड्यावर दिसतो, बैलांना चारा टाकतो. म्हणून तो पुढच्या सालाला राहिला असं होत नाही. डोमेनचंही तसंच: वाड्यावर दिसतंय याचा अर्थ पुढच्या वर्षाचं ठरलंय असा घेऊ नका.

म्हणून आता माझी स्क्रिप्ट तारखेपेक्षा स्टेटसला जास्त किंमत देते. "ऑटो रिन्यू पीरियड" दिसलं की मेल. "क्लायंट होल्ड" किंवा "सर्व्हर होल्ड" दिसलं तर मेल आणि एसएमएस; होल्ड म्हणजे डोमेन डीएनएसमधून काढलेलं आहे, साइट आणि मेल दोन्ही बंद. "रिडेम्प्शन पीरियड" म्हणजे डोमेन काढून टाकलंय, पण ३० दिवसांत सोडवता येतं, नेहमीपेक्षा बरेच जास्त पैसे मोजून. त्यानंतर "पेंडिंग डिलीट", ५ दिवस, त्यात कुणाचंच काही चालत नाही. पुढे ज्याचा हात आधी पोहोचेल त्याचं डोमेन. "क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड" मात्र चांगलं लक्षण आहे, ते कुलूप आहे. ते नाहीसं झालं तर उलट विचारा, कुणी काढलं?

जुनी स्क्रिप्ट स्टेटस शोधत असेल तर अजून एक खाच. हूइजमध्ये "क्लायंटहोल्ड" जोडून यायचं, मधलं एच मोठं. आरडॅपमध्ये तेच दोन शब्दांत, छोट्या अक्षरांत येतं. जुना ग्रेप तसाच ठेवलात तर तो काहीही सापडलं नाही म्हणेल आणि तुम्ही खूश राहाल.

वेळेचंही बघा. आरडॅपमधली तारीख युनिव्हर्सल वेळेत असते, शेवटी झेड असतो. आपण साडेपाच तास पुढे. ३१ मार्चला साडेअठरा वाजता संपणारं डोमेन आपल्या घड्याळात १ एप्रिलच्या रात्री बाराला संपतं. हिशेबाच्या वर्षात त्या एका दिवसाने फरक पडतो, हे ज्याच्या क्लायंटचा सीए कडक आहे त्याला विचारा.

स्क्रिप्ट नव्याने लिहिताना

जुनी दुरुस्त करत बसू नका, नवी लिहा. मी बॅशमध्येच लिहिली, तुम्ही पायथनमध्ये लिहा, काही फरक पडत नाही. फरक पडतो तो खालच्या गोष्टींनी.

सर्वांत आधी उत्तराचा एचटीटीपी कोड बघा, मजकुराला नंतर हात लावा. कर्लला डॅश डब्ल्यू देऊन कोड वेगळा काढता येतो. २०० आला तरच पुढे जा. ४०४ म्हणजे त्या सर्व्हरकडे असं डोमेन नाही. तुमच्याच क्लायंटच्या डोमेनला ४०४ आला तर एक तर तुम्ही चुकीच्या सर्व्हरला विचारलंय किंवा डोमेन खरंच हातचं गेलंय, दोन्हीसाठी उठून बसायला हवं. ४२९ म्हणजे फार वेळा विचारलंत, थांबा. तीस डोमेन एका दमात विचारू नका, मध्ये चार-पाच सेकंदांची झोप घाला, आणि दिवसातून एकदा पुरे. या आकड्यांशिवाय दुसरं काहीही आलं, वेळ संपली, जोडणी झालीच नाही, तर त्या डोमेनपुढे "उत्तर नाही" असा शिक्का. "उत्तर नाही" ही माझ्या स्क्रिप्टमध्ये आता स्वतंत्र धोक्याची घंटा आहे. सलग दोन दिवस उत्तर नाही तर मेल येतो, दिवस कितीही उरलेले असोत. आठ वर्षांपूर्वी ही एक ओळ लिहिली असती तर आप्पांचा पोळा नीट गेला असता.

मग तारीख. जेक्यूला सांगायचं, इव्हेंट्समधून ज्याची इव्हेंटॲक्शन "एक्स्पिरेशन" आहे तो निवड आणि त्याची इव्हेंटडेट दे. डॅश आर लावा, नाही तर तारखेला अवतरणचिन्हं चिकटून येतात. "दुसरा इव्हेंट म्हणजे एक्स्पायरी" असं क्रमांकाने उचलू नका. क्रम सर्व्हरच्या मर्जीवर असतो, आज दुसरा, उद्या तिसरा. आणि तारीख मिळाल्यावर ती रिकामी नाही ना, हे डेटला देण्यापूर्वी तपासा.

"बरोबर ३० दिवस" असा हिशेब सोडा. "३० किंवा त्यापेक्षा कमी" असा लिहा. त्या नेमक्या दिवशी मशिन बंद असेल तर? आपल्याकडे मे महिन्यात दुपारी लाइट जाणं आणि यूपीएसने मान टाकणं हे नवं नाही. क्रॉन त्या वेळी चुकला तर चुकलाच. त्याऐवजी लिनक्समधल्या सिस्टमडीचा टायमर वापरा आणि त्यात "पर्सिस्टंट" चालू करा, म्हणजे मशिन उठल्यावर चुकलेली फेरी तो लगेच मारतो.

कालचे नेमसर्व्हर फाइलीत ठेवा आणि आजच्यांशी ताडून बघा. मुदत संपल्यावर बरेच रजिस्ट्रार पहिल्यांदा नेमसर्व्हरच बदलतात, आणि डोमेन चोरणारेही तेच करतात. आप्पांच्या बाबतीत तारीख खोटं बोलत होती, पण नेमसर्व्हर बदललेले स्पष्ट दिसत होते.

मराठी नावाचं डॉट भारत डोमेन कुणाकडे असेल तर यादीत ते देवनागरीत लिहू नका. आयडीएनटू या कमांडने त्याचं एक्सएन-डॅश-डॅश वालं रूप काढा आणि तेच लिहा. क्रॉनमध्ये लोकेल (भाषेची मांडणी) साधा असतो, तिथे देवनागरी अक्षरांची वाट लागते. उत्तरात युनिकोडनेम या खात्यात मराठी नाव परत मिळू शकतं.

तक्रारीचा ईमेल काढायचा असेल तर थोडा संयम ठेवा. तो रजिस्ट्रारच्या एंटिटीच्या आत, "अब्यूज" भूमिकेच्या दुसऱ्या एंटिटीत, व्हीकार्डअ‍ॅरेच्या दुसऱ्या घटकात असतो, आणि तिथल्या प्रत्येक ओळीचे भाग असतात: नाव, गुणधर्म, प्रकार आणि चौथ्या जागी प्रत्यक्ष मजकूर. ज्याने हे रचलं त्याला एकदा भेटायचंय मला.

मशिन जुनं असेल तर ते वेगळंच दुखणं. हूइजला टीएलएस, म्हणजे जोडणीची कूटबद्धता, लागत नव्हतं, आरडॅपला लागतं. ज्या सर्व्हरचं ओपनएसएसएल टीएलएस १.२ बोलू शकत नाही, किंवा ज्याचे रूट सर्टिफिकेट अनेक वर्षांत बदललेले नाहीत, तिथे कर्ल सरळ नकार देईल. अशा वेळी डॅश के लावून तपासणी बंद करायचा मोह होतो. करू नका, मग हूइज काय वाईट होतं? पहारा दुसऱ्या नव्या मशिनवर हलवा. तसंही, ज्या डोमेनवर पहारा द्यायचा त्याच डोमेनच्या सर्व्हरवर पहारेकरी बसवू नये. आणि धोक्याचा मेल त्याच डोमेनच्या पत्त्यावर पाठवू नये, हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण मी स्वतः तीन क्लायंटकडे तेच करून ठेवलेलं सापडलं.

शेवटी, दर सोमवारी एक जिवंत असल्याचा मेल. "२७ डोमेन तपासली, २७ उत्तरं आली, सर्वांत कमी दिवस अमुक डोमेनचे." धोका असो-नसो, येतो. सोमवारी दुपारपर्यंत आला नाही तर मी स्क्रिप्टकडे बघतो.

सर्टिफिकेटवाल्यांसाठी दोन ओळी

हूइजचा संबंध एसएसएलशीही, म्हणजे साइट खरी असल्याची खूण देणाऱ्या सर्टिफिकेटशीही, होता. हूइजमध्ये मालकाचा ईमेल दिसला की सर्टिफिकेट देणारी संस्था त्यावर मंजुरीचा मेल पाठवायची. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये वॉचटॉवर या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी डॉट मोबीच्या जुन्या हूइज सर्व्हरचं बेवारस डोमेन २० डॉलरला विकत घेतलं, आणि जगभरच्या असंख्य यंत्रणा, काही सर्टिफिकेट देणाऱ्यांसकट, अजून त्यालाच विचारताहेत असं दिसलं. त्यानंतर ही पद्धतच मोडीत निघाली. १५ जुलै २०२५ पासून हूइजमधल्या ईमेलवर सर्टिफिकेट मिळत नाही. डीएनएसमध्ये टेक्स्ट नोंद किंवा साइटवर फाइल, हेच मार्ग धरा. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टनेही जून २०२५ पासून मुदतीची आठवण करणारे मेल बंद केले आहेत, तेव्हा सर्टिफिकेटची तारीखही याच स्क्रिप्टमध्ये तपासा.

कुणाच्या नावावर आहे?

स्क्रिप्टने सगळं होत नाही. आप्पांच्या डोमेनला रजिस्ट्रारकडून आठवणीचे मेल गेले होते. जेनेरिक शेपटांत ते पाठवणं नियमाने बंधनकारकच आहे: साधारण महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी एक, आणि संपल्यावर पाच दिवसांत एक. ते सगळे ज्या पोराने पहिल्यांदा साइट बनवली त्याच्या मेलबॉक्समध्ये पडून होते. तो आता पुण्याला नोकरीला आहे. त्याचा काही दोष नाही. डोमेन घेताना आप्पांकडे ईमेलच नव्हता, त्याने स्वतःचा टाकला.

माहिती झाकलेली असल्यामुळे आरडॅपमधून हे कळत नाही. एकच रस्ता: प्रत्येक क्लायंटबरोबर बसून रजिस्ट्रारच्या खात्यात लॉगिन करायचं. होत नसेल तर तेच उत्तर. मालकाच्या जागी संस्थेचं नाव आहे का, ईमेल संस्थेचा आहे का, आणि ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, एवढं बघा. ईमेल बदललात तर पडताळणीचा दुवा येतो, तो १५ दिवसांत उघडायलाच हवा, नाही तर चालू डोमेन बंद पडू शकतं.

सहकारी बँका बघणाऱ्यांना एक वेगळं सांगणं. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इनवर जायला सांगितलं होतं. ती नावं आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने उभारलेल्या संस्थेकडून मिळतात. नवं नाव लागलं म्हणून जुनं डोमेन सोडून देऊ नका. संचालक मंडळात कुणीतरी म्हणेलच, "आता त्याचे पैसे कशाला भरायचे?" जुन्या पासबुकांवर, पाट्यांवर, खातेदारांच्या डोक्यात तेच नाव आहे, ते मोकळं सुटलं की कुणीही घेऊन तुमच्यासारखीच साइट उभी करेल. पुढची बरीच वर्षं ते रिन्यू करत राहा आणि पहाऱ्याच्या यादीत ठेवा.

त्या दिवशी आप्पांचं डोमेन दुपारी दीडच्या सुमाराला सुटलं, सवलतीच्या काळात होतं म्हणून नेहमीच्याच पैशात. लोकांच्या मशिनांत साठून राहिलेलं जुनं उत्तर जायला पोळ्याचा दिवस उजाडला. संध्याकाळी बैल सजवून झाल्यावर त्यांनी फोन करून विचारलं, हे पुन्हा कधी भरायचं? म्हटलं, आता दरवर्षी आखाजीला, सालदाराचं ठरतं त्याच दिवशी, मुदत संपायची वाट न बघता. अधिक महिना आला की आखाजी वीसेक दिवस पुढे जाते, म्हणून दोन वर्षांचं आधीच भरून ठेवलंय. त्यांनी वहीत लिहून घेतलं, गड्यांच्या नावांखाली.